दगडफुलाला इथे काय म्हणतात

देऱ्यात चार वाजता शटरं वर जातात
आणि कमरुद्दीन तिसेकर पिवळी झेंडी गुंडाळून
काखेत मारतो.
बोटीवरचे गोरे गेले. आता मी एकटी.
"बाय, बार्शीची ना तू? मंग तुला झेंडी कशाला."

माझ्याकडे वीजबिलाच्या पाठीवर यादी,
नणंदेने फोनवर घाईत सांगितलेली:
धणे दीड किलो, तीळ पाव, शहाजिरं, नागकेशर.
खसखस मी आधीच खोडलीय.
"नाव पण नको घेऊ तिचा," तो म्हणतो,
"इथं ती मसाला नाय, गुन्हा हाय."

गल्ली अरुंद. दोन्हीकडे पोत्यांची तोंडं दुमडलेली,
बाह्या वर सारलेल्या माणसांसारखी.
चालता चालता तो नावं पेरत जातो.
लवंग म्हणजे मिस्मार, खिळा.
वेलची हेल. हळद कुरकुम.
आणि चिंच? तमर हिंदी. हिंदचा खजूर.
(चिंचेला कुणी विचारलं होतं का?
माझ्याही व्हिसावर लिहिलंय:
गृहिणी, कामाची परवानगी नाही.)

काळी लिंबं, वाळून खुळखुळा झालेली.
एक तो कानाशी हलवतो, ठेवतो.
दुसरं हलवतो, घेतो.
मिरी दाताखाली फोडतो.
दालचिनी मोडतो आणि तुटण्याचा आवाज ऐकतो.
नाकाशी काहीच नेत नाही.
तिसऱ्या दुकानापर्यंत हे माझ्या लक्षात आलं नाही.

दगडफुलाचं नाव त्यालाही आठवेना.
गुलामअब्बास इराण्याने शिडी लावून
वरच्या फळीवरचा डबा काढला:
शेबा. म्हातारीचे पिकले केस.
मूठभर राखाडी, सुरकुतलेलं, वजनच नसलेलं.
"वासावर बघा ना, जुनं तर नाही?"
तो डबा माझ्याकडे सरकवतो.
"तूच बग. मना दोन वर्सं वास येत नाय.
त्या तापात गेला तो गेलाच.
कंपनीत बोलू नको."

सत्तावीस वर्षं ह्याच गल्लीत
"स्मेल, मॅडम, स्मेल" म्हणणारा माणूस.

"मंग? कसा हाय?"
आणि मला शब्द सापडेना.
कुबट नाही. गोड नाही. उग्र तर नाहीच.
आपल्याकडे खमंग आहे, दरवळ आहे, घमघमाट आहे,
सगळे लग्नघरचे.
ह्याला कुणी आमंत्रण दिलेलं नाही.
"विहिरीत उतरताना," मी म्हटलं,
"शेवटच्या कोरड्या पायरीवर हात टेकतो ना आपण,
त्या दगडासारखा."
तो थांबला. खालचा ओठ पुढे.
"आमच्या जगबुडीचा धक्का. ओहोटीला."
मग स्वतःशीच: "नाय. तो खारा.
तू सांगतेस तो गोड्या पाण्याचा."
"हो."
"ताजा हाय मंग. घे."

पैसे घेतले नाहीत असं म्हणता येणार नाही.
घेतले, मोजून,
आणि होडीसाठी एक दिरहम सुटा परत दिला.

रात्री पंखा पूर्ण जोरात,
शेजाऱ्यांनी तक्रार करू नये म्हणून
दाराच्या फटीत ओला टॉवेल.
कढईत तीळ. फोन वाजतो.
"झाला का भाजून? कसा येतोय?"
पुन्हा तेच.
मी काही न बोलता फोन कढईवर धरते.
एक तीळ उडतो. मग चार.
मग तडतड इतकी दाट की मोजता येऊ नये.
खाडीच्या पलीकडून, एकदम मोठ्याने:
"उतरव! उतरव बाय, करपतंय!"