हरकत असल्यास

डिचोलीच्या निबंधक कचेरीत
लग्नाच्या सह्या दोनदा होतात.
पहिली इराद्याची. मग नावं फलकावर,
हरकत असल्यास कळवावे,
मग दुसरी, पक्की.
सत्तावीस वर्षं मी हे टंकते आहे.
हरकती आल्या त्या थोड्याच :
एका मावशीची, पत्रिकेवरून.
एका भाटकाराची, मुंडकाराच्या पोरावरून.
आणि एकदा एक माणूस फलकासमोर
बराच वेळ उभा राहिला,
डोळे पुसले, आणि हरकत न घेताच गेला.

'विवाह नोंदणी' ही पाटी उल्हासने रंगवलेली.
उल्हास शेटकर. बाजारामागे राहतो,
इनासच्या भट्टीला लागून,
बावीस वर्षं, एक छप्पर, दोन रेशनकार्डं.
गावाला ठाऊक आहे. गाव पाव घेतं
आणि 'भाडेकरू' म्हणतं.
कोण कुणाचा, ते विचारत नाही.

मार्चमध्ये दोघे खिडकीशी आले.
इनासच्या बाह्यांवर पीठ.
घर त्याच्या नावावर, छाती दुखते,
भाचे मोजपट्टी घेऊन येऊन गेलेत.
इथल्या कायद्यात नवऱ्याचं अर्धं बायकोचं,
न मागता, न भांडता अर्धं.
उल्हास म्हणाला, "वयनी, तें अर्दें
आमकां खंयच्या फॉर्मार मेळटा?"
मी रकाने दाखवले. वर. वधू.
इनास हसला. "पीठ हांवच मळटां मरे."
मी हसले नाही. साहेब आत होते.

त्याच आठवड्यात आमदारांची फाईल,
टेकडीचा तुकडा, विक्रीखत.
बायकोची सही लागते.
बाईसाहेब नऊ वर्षं पुण्यात असतात,
सही मात्र वेळेवर येते,
दर खेपेला थोडी निराळी.
या वेळी 'सुलक्षणा'तला क्ष
भलत्याच हाताचा.
'माझ्यासमक्ष' हा शिक्का मी मारला.
शाई ओली होती. फुंकर मीच घातली.

रविवारी सभा.
लग्न हा सौदा नव्हे, आमदार म्हणाले,
दिल्लीच्या कोर्टात काहीही ठरो,
या मातीत असली थेरं चालायची नाहीत.
गळ्यात तिसऱ्या पक्षाचा पट्टा.
पहिल्या दोघांनाही त्यांनी
सातेरीसमोर नारळावर हात ठेवून
'मरेपर्यंत' म्हटलं होतं,
नारळ आम्ही नंतर वाटून खाल्ला.
बचतगटाच्या बायका टाळ्या वाजवत होत्या.
मीसुद्धा.
बांगड्यांमुळे माझ्या जरा जास्तच ऐकू गेल्या.

स्टँडासमोरची भिंत उल्हासच रंगवतो.
चुना, चिन्ह, चुना, चिन्ह.
ओल आली की खालचं वर येतं,
तेव्हा आमदारांचा माणूस त्यालाच हाक मारतो.
या खेपेला त्या माणसाने मजकूर दिला
वहीच्या फाटक्या पानावर :
विवाह म्हणजे आपली संस्कृति.

सोमवारी कामावर जाताना पाहिलं.
उल्हास शिडीवर,
खाली इनास, एक हात शिडीला,
दुसऱ्यात चहाचा ग्लास, दोघांत मिळून एकच.
मी थांबले. काहीतरी बोलायचं होतं,
ते नेमकं काय, हे बस गेली तरी आठवेना.
"वयनी," वरूनच हाक आली,
"संस्कृती दीर्घ न्ही?"
"दीर्घ," मी म्हणाले.
"ताणें ऱ्हस्व बरयल्या."
"दीर्घच."
त्याने ब्रश बुडवला,
कडेला दोनदा निथळला,
आणि वेलांटी ओढली उजव्या अंगाने,
सावकाश, शेवटापर्यंत सारखी जाड,
सरकारी पाटीवर ओढतो तशीच.

इनासने शिडी हलू दिली नाही.