सतरा मिनिटं

रुवीत, सराफी दुकानांच्या मागच्या गल्लीत
आमचं दुकान. बाहेर सेहेचाळीस डिग्री.
काउंटरवर दोन लॅपटॉप,
दोघांच्या शेपट्या माझ्या वॅटमीटरमध्ये.

पातळ्याच्या खोक्यावर छापलंय : चौदा तास.
खोटं नाही ते. मी करून पाहिलंय.
पडदा जवळजवळ विझवायचा,
वायफाय बंद, आवाज बंद
आणि कुणी हात लावायचा नाही.
मग तो चार वॅट घेतो फक्त,
आजाऱ्याला चमच्याने पेज पाजावी तसे.
छप्पन्नच्या बॅटरीला चारने भागा. चौदाच येतात.

दुसरा जाडा, सेकंडहँड,
कुणाच्या तरी बोटांनी 'अ' पुसलेला.
बॅटरी बहात्तरची, पण झोपेतही बारा वॅट गिळतो.
सहा तास.

शौकत परकार रात्रभर बसने आलेत, मरमूलहून.
तिथे क्रेन चालवतात.
"माझ्या कामाला किती चालेल?"
काम काय, विचारलं.
"शुक्रवारी टाकीमागच्या टेकाडावर बसतो.
रेंज तिथेच. प्लग नाही. खेडला लावतो.
मोबाइलवर चेहरे पेढ्याएवढे दिसतात."

मी दोन्ही समोरासमोर मांडले,
उन्हात दिसेल इतका उजेड वाढवला
आणि एकावरून दुसऱ्याला फोन लावला.
दोन पडद्यांवर दोन शौकतभाई.
त्यांनी दाढी चाचपली, चौघांनी मिळून पाहिल्यासारखी.
मीटर म्हणाला : पातळा सतरा, जाडा चोवीस.

"पण आम्ही सारखे बोलत नाही," ते म्हणाले,
"जुलेखा भाकऱ्या थापते, मी बघत बसतो."
गप्प बसलात तरी कॅमेरा तेवढंच खातो, भाई.

कागदावर भागाकार केला.
जाडा तीन तास.
पातळा तीन तास सतरा मिनिटं.
चौदा आणि सहा,
त्यांच्यातलं अंतर एवढंच उरलं.

एक एकशे ऐंशी रियाल, एक पंच्याण्णव.
मोइदीनभाई गल्ल्यावरून डोळे वटारत होते :
खोक्यावरचं वाचून दाखव, बाकीचं कशाला?
शौकतभाईंनी माझं पेन घेतलं.
पंच्याऐंशी भागिले सतरा.
"मिनिटाला पाच रियाल."

रेड्याएवढा एसी वर धापा टाकत होता.
बराच वेळ ते त्या पाचाकडे बघत राहिले.

"ठेवू काय, ती विचारते. ठेव, मी म्हणतो.
ठेवलंत? नाही अजून. मग तुम्हीच ठेवा.
यातच पंधरा मिनिटं जातात आमची."
आणि पातळ्यावर हात ठेवला.

मला राहवलं नाही. सांगून टाकलं :
या उन्हात वर्षभराने बॅटरी दमेल,
ही सतरा तर आधी जातील.

"तोवर मीच खेडला असेन," ते म्हणाले,
खोक्यावर छापावं
तसं ठाम.