लॉजसाठी बारा हिवाळे

संकेश्वरच्या पुढं, हायवेला लागून
भुजंग शेट्टींचा नवा लॉज उभा राहतोय.
खोल्या बारा. प्रत्येक पलंगाच्या डोक्याशी
एक जपानी हिवाळा हवा म्हणाले.
"गिऱ्हाइकाला थंड वाटलं पाहिजे.
एसी सहाच खोल्यांत आहे."

खडेबाजारातलं आमचं फ्लेक्सचं दुकान.
दिवसभर मी अक्षरं मोजते:
वर कन्नड, खाली मराठी,
किती टक्के, किती इंच, कुणाचा रंग जास्त उठतो.
एका पानपट्टीची पाटी
तीनदा बदलून दिली आहे मी.

मग हे आलं स्क्रीनवर.
कुण्या काळी लाकडात कोरून
कागदावर दाबून काढलेलं,
आमच्याकडं पोचलं ते पेनड्राइव्हमधून.
एक पूल. पुलावर छत्रीवाला, पाठमोरा.
ओझ्यानं वाकलेली झाडं, निळी नदी
आणि बर्फ.

मोठं करून पाहिलं. आणखी मोठं.
बर्फाच्या जागी काही नव्हतंच.
शाई नाही, रेघ नाही,
कोरणाऱ्यानं तेवढं सोडून दिलेलं.
न छापलेला कागद,
त्यालाच आपण गारठतो.

कोपऱ्यात उभी अक्षरं, आणि खाली लाल शिक्का
कुंकवाच्या बोटाएवढा.
शेट्टींचं बोट नेमकं तिथंच.
"हे काय लिवलंय?"
"नाव असेल, चित्रवाल्याचं."
"काढा ते. तिसरी भाषा कशाला आणि भिंतीवर?
दोघींचं निस्तरतानाच पुरे झालंय."

काढलं.
अवघड नसतं. शेजारचा बर्फ उचलायचा
आणि अक्षरांवर टाकत जायचं,
थोडा इथला, थोडा तिथला, सांधा दिसू नये असा.
चार मिनिटांत तो माणूस
स्वतःच्याच हिवाळ्याखाली गेला.

सात प्रती निघाल्या त्या दिवशी, मग शाई संपली.
त्याआधीची चाचणीची, शिक्क्यासकट निघालेली,
गुंडाळून घरी आणली, वडगावात.
भिंतीला ओल धरलीय तिथं चिकटवली.

आप्पांनी चष्मा शोधला.
अठ्ठावीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात गेली त्यांची.
अमोनियाचा वास, भुसा, गोणपाट,
आकडा मारून ओढायची माणसापेक्षा जड लादी.
उजव्या हाताची दोन बोटं अजून
चहा गरम आहे की गार ते सांगत नाहीत.

"हे बर्फ?"
"होय की."
"वरनं पडतंय?"
"वरनं."
"फुकट?"
मग बराच वेळ नुसते बघत राहिले.
"आवाज न्हाई ह्याला.
आमचं करकरायचं रात्रभर."

सरकत सरकत शिक्क्यापाशी आले.
"हे मालकाचं?"
"नाही आप्पा. ज्यानं केलं त्याचं."
"त्याचं होय," म्हणाले, आणि खुर्ची ओढली.
"मीबी करायचो खूण. आकड्याच्या टोकानं,
कॅम्पात मासळी बाजाराला जाणाऱ्या लादीवर.
रेल्वे फाटकापर्यंत टिकायची.
थंडीच्या दिवसांत जरा पुढं."

"मराठीत की कन्नडमध्ये?"
तोंडून गेलंच माझ्या. धंद्याची सवय.

"अक्षर कसलं घेऊन बसलीस.
रेघ होती एक. तिरकी. अशी."
आणि त्या बधिर बोटानं
ओढून दाखवली कागदावर,
पुलाच्या कठड्याखाली, जिथं काही छापलेलं नव्हतं.

सोमवारी शाई आली.
उरलेल्या पाच सोडण्याआधी
कठड्याखाली एक तिरकी रेघ टाकली मी,
पांढऱ्यात जेमतेम दोन टक्के करडी.

शेट्टींनी बाराही तपासून घेतल्या,
बिलातले चारशे कमी केले.
टेम्पोत चढवताना मी शोधली एकदा.
ऊन होतं फार. सापडली नाही.