अकरा आणि बारा यांच्यामधली पानं

गुरुवारी चार ते सहा
शाळेच्या मागच्या खोलीत मी वाचनालय उघडते.
दाराशी ओले बूट, सतरा जोड,
म्हणजे गावातली झाडून सगळी मुलं.

चित्रांची पुस्तकं खालच्या फळीवर,
त्यांत खेळांची वेगळी, निळ्या पट्टीची.
एकात कोल्हा शर्यत धावतो,
एकात घाबरट सील गोल अडवते.
शेवटच्या पानावर सगळीकडे टाळ्या.
छापणाऱ्यांना टाळ्या फार आवडतात.

आणि एक ते, पोहणाऱ्या मुलीचं.
अकराव्या पानावर ती फळीच्या टोकाशी, पोटात गोळा.
पान उलटलं की बाराव्यावर थेट पाण्यात:
पांढरा फवारा, कागदात न मावणारा.

स्वान्हिल्दुरने ते सहा वेळा नेलं.
वय वर्षं सात, बोलणं मोजूनमापून,
वडील महिना महिना मासेमारीच्या जहाजावर.
सहाव्यांदा परत आलं तेव्हा
हाताला जाड लागलं.

अकरा आणि बारा यांच्यामध्ये
चिकटपट्टीने जोडलेली वहीची पानं, चौकटींची.
एकावर मुलगी शिडीने खाली उतरते, पाठमोरी.
पुढच्यावर नुसता टॉवेल.
मग ती गरम कुंडात, दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये,
हनुवटीपर्यंत बुडालेली,
आणि म्हातारे आपले हवामानावर बोलतायत.
मग पोटदुखी: पोटात खरोखरच एक मासा काढलेला,
काटे बाहेर.
पाचव्यावर काळोख.
पेन्सिल घासून घासून कागद फाटलाय,
कोपऱ्यात तारीख, डिसेंबरची.

पुस्तकात काही लिहू नये, चिकटवू नये,
हा नियम माझाच. भिंतीवर अक्षरही माझंच.
मी कात्री काढली.
चष्मा पुसला.
पाचवं पान पुन्हा पाहिलं.

आमचा सूर्य नोव्हेंबरात डोंगरामागे जातो
आणि जानेवारी सरता सरता उगवतो,
पाचच मिनिटं, बंदराच्या टोकावर.
त्या दिवशी गावभर पातळ गोड धिरडी, साखर, कॉफी.
मधल्या दिवसांत आम्ही काय करतो?
दिवे लावतो. बर्फ उपसतो.
पोटदुखीची कारणं सांगतो.
मी बासष्ट वर्षांची आहे
आणि त्या फळीवर एकदाच चढलेय.
शिडी मला पाठ आहे.

कात्री खणात गेली, पुस्तक फळीवर, जाडच.

मग स्तुर्लाने नेलं. एक पान वाढलं:
मुद्दाम विसरलेली पोहायची चड्डी, बसच्या सीटखाली.
मग कोल्फिन्नाने.
तिच्या पानावर चित्र नाहीच, फक्त 'उद्या',
तेही आधी चुकीचं लिहून खोडलेलं.
बांधणीचा कणा उसवला,
तो मी जाळी शिवायच्या दोऱ्याने शिवला.
पोहायला शिकवणारा थोरगेइर येऊन चाळत बसला,
बराच वेळ.
जाताना म्हणाला, मला वाटायचं ही मुलं ऐकतच नाहीत.

फेब्रुवारी. उघड्या तलावावर वाफ,
वाफेतून पडणारा बर्फ.
मंगळवारी काय झालं ते मी पाहिलं नाही,
मंगळवारी मी पोस्टात असते.
टाळ्यांचं कुणी काही बोललं नाही.

गुरुवारी ती आली तेव्हा केस ओले,
टोकांना गोठून काड्या झालेले.
बूट काढले, एक इकडे, एक तिकडे.
खालच्या फळीपाशी मांडी घालून
तिने ते जाड पुस्तक उघडलं,
आपली पानं, इतरांची पानं भराभर मागे टाकली
आणि बाराव्यावरच्या फवाऱ्यावर बोट ठेवलं.

"इतकं नाही उडत पाणी," ती म्हणाली.

मी विचारलं, मग किती?
तिने हात वर केला, थोडा खाली आणला,
विचार करून अजून जरा खाली.
"एवढं. आणि नाकात जातं."

मग पुस्तक मिटून जागेवर ठेवलं
आणि कोल्ह्याचं मागितलं.