पाठीवरची वेल

अस्नोड्याला, स्कूटर ठेवायच्या शेडमध्ये
व्हाइसच्या जबड्यात पालथी धरलीय
एक सुरी.
धार खाली. पाठ माझ्याकडे.

पातं म्हणजे खाणीवरच्या टिपरचा पाटा.
टिपर आठ वर्षं उभा होता डिचोलीच्या वाटेवर,
चाकांतून घाणेरी उगवलेली.
शाणू च्यारीने पाटा तापवला, ठोकला, ताणला
आणि पाणी न देताच माझ्या हातात ठेवला:
"नक्षी कितें ती आतांच कर.
मागीर कानस चलची ना."

तीस वर्षं मी वजन-मापे खात्यात.
म्हापशाच्या बाजारात तराजू तपासले,
तळातलं शिसं काढून घेतलेली वजनं पकडली,
शिक्का मारला, पावती फाडली.
हातात कानस कधी धरली नाही.
आता सोनाराकडून आणलेल्या सहा बारीक कानशी
डब्यात झोपतात, एका जुन्या टूथब्रशशेजारी.

आधी पाठीवर निळी शाई.
मग साडेपाच मिलिमीटरवर रेघ, रेघ, रेघ.
गोल कानस: डावीकडे एक खाच, उजवीकडे एक,
समोरासमोर नव्हे,
एकीच्या मोकळ्या जागेसमोर दुसरी.
तेवढ्याने पाठ वळवळायला लागते.
मग तिधारी, देठ काढायला.
पुढे जाताना कापते, मागे येताना उचलायची;
एवढं कळायला दोन सुऱ्या वाया गेल्या.

काढायची होती मिऱ्याची वेल,
मागच्या पोफळीला बिलगलेली.
बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली,
"गोम छान जमलीय."
मी पानं जरा रुंद केली.

अकराव्या पानाशी वीज गेली.
थांबायला हवं होतं. थांबलो नाही.
डाव्या पानाच्या अंगावर
आणखी एक डावं पान.
लोखंडावर खोडरबर चालत नाही.

पाच किलोच्या वजनाला कायद्यात चुकीची मुभा असते,
मिलिग्रॅममध्ये लिहिलेली, मला अजून पाठ आहे.
पानाला किती द्यायची
ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

शाणूच्या भट्टीत पातं लाल झालं,
चुंबक चिकटेनासं झालं,
मग बुडवलं. पाणी देणं म्हणतात, देतात तेल.
फस्स झालं, धूर झाला,
बाहेर आलं ते काळं आणि मुकं.
मी कानस लावून पाहिली, हळूच, अकराव्याला.
घसरली, काचेवरून घसरावी तशी.

सुरी दिली कॉन्सूला.
तिचंच अर्ध्या किलोचं वजन मी एकदा
बांगड्यांच्या टोपलीतून उचलून जप्त केलं होतं.
ती विसरलेली नाही. पण इसवण चिरायला
चांगली सुरी कोण नको म्हणतो?
तिने पाठ पाहिली, बोट फिरवलं.
"सायबा, इतकें कोरून काडलें,
वजन कितलें उणें जालें?"

घरी येऊन टेबलावरचा कीस गोळा केला,
चुंबकाला कागद गुंडाळून.
काट्यावर ठेवला.
सहा ग्रॅम.
तीन महिन्यांचे रविवार.

पुढच्या शुक्रवारी गेलो तर
पानापानांत खवलं अडकलेली,
अंगठ्याच्या जागी रक्त वाळलेलं,
वेल अशी माखलेली की
अकरावं कोणतं, मलाच सापडेना.
"हात निसरना," कॉन्सू म्हणाली,
"पूण नितळ करूंक ब्रश जाय."

दुपारी डब्यातला टूथब्रश नेऊन दिला.
तिने माझ्या पिशवीत चार बांगडे टाकले,
तराजूत न घालता.
मी काही बोललो नाही.