गळती

उणे चौदा. पहाटेचे सहा.
दाउगाव्पिल्समधल्या पाच मजली पॅनेलच्या इमारतीसमोर
मी उष्णतेचा कॅमेरा रोखून उभा.
पडद्यावर भिंती जांभळ्या,
सांध्यासांध्यांतून पिवळट ओघळ,
आणि चौथ्या मजल्यावर एक खिडकी लालबुंद,
जणू आत कुणी चूल पेटवून दार लावायला विसरलंय.

"ओसिपची," बिरुटा म्हणाली.
साठ घरांतून एकतीस सह्या हव्यात,
तिच्याकडे तीस.
दोन हिवाळे जिने चढते-उतरतेय,
गुडघ्याला पट्टा, काखेत फाईल.
कुणी म्हणतं, कर्ज फिटेपर्यंत आम्ही असू का?
कुणी म्हणतं, आधी नळ बघा.
ओसिप काहीच म्हणत नाही.
चहा देतो. सही देत नाही.

मी त्याला चित्र दाखवलं.
"हे लाल म्हणजे तुमचे पैसे, आजोबा.
अख्खं आकाश तापवताय."
तो बघत राहिला. मग म्हणाला,
"बोटभर उघडी ठेवतो. तिला दमा होता,
बंद खोली सोसायची नाही.
अकरा वर्षं झाली.
सवय आता माझी आहे."

माझ्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता.
चहा निवला.
मग मी सांगितलं, नव्या भिंतीत हवेला वाट ठेवतात,
मुठीएवढी. आत मातीची जाळी.
बाहेर जाणारी हवा तिच्यापाशी ऊब ठेवून जाते,
आत येणारी ती उचलून घेते.
"म्हणजे खिडकी बंद, पण घर बंद नाही?"
"नाही."
त्या दिवशीही त्यानं सही केली नाही.

केली ती जुलैत.
पारा पस्तिशीला टेकला होता,
वरच्या मजल्यावरच्या इल्गाला
रुग्णवाहिकेत घातलं, ती संध्याकाळ.
"हीच भिंत ऊनही अडवते?"
जिन्यातच विचारलं त्यानं,
आणि पेन मागितलं.

जुनी चौकट निघाली तेव्हा
फटीतून कापूस आला, पिवळी वर्तमानपत्रं,
आणि हिरव्या लोकरीचा धागा,
सुरीच्या टोकानं खोचलेला,
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, शिस्तीत.
म्हणजे फटी तीही बुजवायची.
ओसिपनं धागा बोटाला गुंडाळला
आणि सुताराला म्हणाला, चालू दे.

यंदा जानेवारीत पुन्हा गेलो, त्याच जागी.
इमारत सगळी निळी. कंटाळवाणी.
मुठीएवढे ठिपके तेवढे घरोघरी,
सत्तर सेकंद उजळणारे,
सत्तर सेकंद विझणारे.
काम संपलं होतं.
बोटं बधिर होईतो
मी चौथ्या मजल्यावरचा मोजत राहिलो.