उतार

एकतीस वर्षं दातांचे साचे ओतले मी,
सोत्कामोच्या दवाखान्यामागच्या खोलीत,
रबरी वाटीत, चमच्या-चमच्याने.
पांढरी भुकटी, पाणी, मनगटाची आठ वळणं,
आणि दहा मिनिटांत कोणाची तरी दाढ
माझ्या तळहातावर टणक.
म्हणून वाटलं, काँक्रीट म्हणजे तेच,
फक्त वाटी मोठी.

"किती गोण्या?" ताउनोनं कुंपणापलीकडून विचारलं.
म्हटलं, चौपन्न.
तो काही बोलला नाही.
आमच्याकडे याला सविस्तर उत्तर म्हणतात.

सौनाची जुनी फळ्यांची जमीन कुजली होती.
ती उचकटली, खड्डा खणला, खडी चोपली,
प्लॅस्टिक अंथरलं, त्यावर लोखंडी जाळी,
जाळीखाली विटांचे तुकडे, नाहीतर ती तळाशी झोपते
आणि ऐन वेळी कामाला येत नाही,
आमच्या थोरल्यासारखी, असं ताउनोच म्हणाला.
मध्ये मोरीचं तोंड, जुन्या मोज्यानं बुजवलेलं.
चारही बाजूंनी जमिनीनं तिकडे झुकायचं होतं,
मीटरमागे सव्वा सेंटिमीटर.
मी मनात मोजलं: एका मोठ्या दाढेची रुंदी.
एवढंच तर.

सातव्या गोणीला मी हातमोजे बदलले,
एकविसाव्या गोणीला मत.
भाड्याचा मिक्सर घरघरत होता, पाणी कधी जास्त
कधी कमी, माझा अंदाज वाटीपुरताच होता.
तिसाव्या गोणीला ताउनो कुंपण ओलांडून आला,
एकोणऐंशी वर्षांचे गुडघे एकेक करून,
आणि न विचारता फावडं उचललं.

मग सरळ फळी. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे,
करवतीसारखी मागेपुढे, मागेपुढे.
तो ओढी तेव्हा मी सैल सोडायचं.
हे कळायला अर्धी खोली गेली.

सपाट झालं. मी लगेच गुरमाळा घेतला.
"हात खिशात," ताउनो म्हणाला.
काँक्रीटवर पाणी चढलं होतं,
पातळ, करडं, आभाळ दाखवणारं.
"त्याचं त्याला जाऊ दे.
आत्ता घोटलंस तर वरची साय
दोन हिवाळ्यांत कोंड्यासारखी उडेल."

दहा मिनिटं गेली. माझी बोटं खिशात वळवळली.
तास गेला.
दोन पालथ्या बादल्यांवर आम्ही दोघं,
जूनची रात्र, रात्रीसारखी नाही,
अकरा वाजता बर्चच्या शेंड्यांवर ऊन.
थर्मासमधली कॉफी संपली.
डास उतरत होते ओल्या जमिनीवर
आणि तिथेच राहत होते.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
"हिल्काची कवळी तू केली होतीस."
हो म्हटलं.
"नीट बसायची."
पुन्हा बराच वेळ.
"शेवटीसुद्धा काढू दिली नाही तिनं."

मी वाकून अंगठा टेकवला.
ठसा उमटला, पण पाणी आलं नाही.
"आता," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

फळीवर गुडघे टेकून आधी लाकडी रंधा,
गोल गोल, मग लोखंड,
दरवाज्याकडे मागे सरकत.
आवाज बदलत गेला हाताखाली:
आधी चिखल, मग चामडं,
शेवटी काहीतरी भांड्यासारखं, किणकिणतं.
मध्यरात्री जमीन माझ्याकडे पाहत होती
आणि मला उठता येत नव्हतं.

आठवडाभर जुने पडदे भिजवून तिच्यावर पांघरले.
तापलेल्या माणसाच्या कपाळासारखी
सकाळ-संध्याकाळ पट्टी बदलली.

महिन्यानं पहिली बादली ओतली.
पाणी शहाण्यासारखं मोरीकडे निघालं,
फक्त खिडकीखालच्या कोपऱ्यात
तळव्याएवढं मागे राहिलं.
दात असता तर निळा कागद चाववला असता,
उंच जागा शोधून घासली असती.
इथे मी नुसती पाहत राहिले
माझ्या अंदाजाचा तो चमकता तुकडा.

आता शनिवारी माझं झालं की ताउनो येतो,
स्वतःचा टॉवेल, स्वतःचा साबण.
मी पायरीवर केस वाळवत असते.
आतून तो दर वेळी ओरडतो,
"कोपऱ्यात पाणी बसलंय!"
बसू दे, मी म्हणते.
तूही बस.